भाकड

मराठीत काही शब्द असे आहेत, की ते नुसते उच्चारले तरी समोरच्या जीवाचा निकाल लागतो. 'भाकड' हा त्यांतला एक. दूध आटलेल्या गाईला, म्हशीला आपण भाकड म्हणतो. आणि ज्या बोलण्यातून हाती काही लागत नाही त्यालाही 'भाकडकथा' म्हणून मोकळे होतो. गोठ्यातला शब्द ओसरीवर आला, तेथून पंडितांच्या वादविवादात शिरला. पण कोठेही गेला तरी त्याचा अर्थ एकच राहिला: यातून आता काही मिळायचे नाही. दुसऱ्या बाजूला 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण आहेच. म्हणजे दूध असेल तर लाथही गोड, आणि दूध नसेल तर नुसते उभे राहणेही जड! ज्या भाषेने गाईला माय म्हटले तिनेच हे दोन्ही हिशेब उघडपणे मांडून ठेवले आहेत. या प्रांजळपणाबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत.

आपली दिवाळी सुरू होते ती वसुबारसेने. त्या संध्याकाळी गाईच्या पायांवर पाणी घालायचे, कपाळाला हळदकुंकू लावायचे, वासराच्या तोंडात गोड घास द्यायचा आणि मग घरात पहिला दिवा लावायचा. अशा वेळी मनात येते, की ही पूजा गाईची की दुधाची? दूध संपले की पूजेचे, मायेचे, कर्तव्याचे काय होते? जिच्यापासून आयुष्यभर घेतले, तिच्याजवळ देण्यासारखे काही उरले नाही, तर आपण तिचे काही देणे लागतो काय? लागत असू तर किती? आणि ते द्यायचे कोणी? पहिल्या प्रश्नाला आपण सगळेच चटकन 'होय' म्हणतो. माझे सारे कुतूहल शेवटच्या प्रश्नाशी अडले आहे.

आमचे गाव शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम अंगाला आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता मलकापूर ओलांडून आंब्याकडे चढू लागला, की उसाचे फड मागे पडत जातात. मग दिसू लागतात डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली भाताची खाचरे, नाचणीची वरकस जमीन, आणि सगळ्यांच्या वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. एका बाजूला कडवीचे खोरे, दुसरीकडे विशाळगडाकडे गेलेल्या रांगा, उत्तरेला वारणेच्या पलीकडे चांदोलीचे अरण्य. जमीन थोडी आणि पाऊस फार, असा हा मुलूख. येथे बागाईत मिरवणारी मोठाली खिल्लार जोडी शोभायची नाही. येथले जनावर ठेंगणे, काटक, खुराने घट्ट, रंगाने तांबडे नाहीतर काळे. घाटाखालच्या कोकणात अशाच बुटक्या गाईला आता 'कोकण कपिला' असे नाव आणि देशी जातींच्या नोंदीत स्थान मिळाले आहे. आमच्या गाईंना अजून तेवढी कागदोपत्री प्रतिष्ठा नाही. त्या नुसत्या 'डोंगरी' किंवा 'गावठी'.

या गाईंबरोबर राहणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला थोडक्यात सांगितले पाहिजे. मृग लागला की चार महिने गोठ्याची कूस ओली राहते. रात्री धूर करावा लागतो, नाहीतर डासमाश्या जनावराला उभे राहू देत नाहीत. चिखलणीच्या दिवसांत बैलाच्या पोटापर्यंत चिखल असतो आणि माणसाच्या मांड्यांपर्यंत. बेंदराला त्याच बैलाची शिंगे रंगतात, गळ्यात गोंडे येतात, पुरणाची पोळी त्याच्या तोंडात आधी जाते. दिवाळी उरकली की डोंगरावरचे गवत कापायचे, भारे डोक्यावरून खाली आणायचे, दारात गंजी रचायची. उन्हाळ्यात ती गंजी रोज थोडी थोडी खचत जाते, आणि घरातले कर्ते माणूस येता-जाता तिच्याकडे अशा नजरेने पाहते, जशी नोकरदार माणसाची नजर महिनाअखेरीस पाकिटाकडे जाते. मधून गवा उतरून भात तुडवतो. कधी बिबट्या सड्यावरून वासरू उचलतो. या सगळ्यात जनावर आणि माणूस यांच्यामध्ये भिंत असते ती कुडाची. इकडे कोणी खोकले तर तिकडे कोणी कान टवकारते.

डोंगरातल्या जनावराची गोष्ट सगळीकडे अशीच असावी. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत 'हायलँड' नावाची गाय आहे. डोळ्यांवर लांब केसांच्या झिपऱ्या, रुंद शिंगे, आणि बर्फातही उघड्यावर निभावणारी दुहेरी लोकर. तिची वंशावळीची पोथी १८८५ सालापासून छापली जाते. आज तिची चित्रे घराघरांच्या भिंतींवर दिसतात. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथला लहान कुळवाडी हिवाळाभर आपल्याच छपराखाली तिला राखायचा, आणि दिवस बदलले की खंड भरण्यासाठी विकायचा. हाकारे तिचे कळप शेकडो मैल चालवत फॉल्कर्कच्या बाजाराला नेत. ज्या जनावराच्या अंगाच्या उबेने घर जगले, तेच जनावर घरभाडे झाले. हे वाचले तेव्हा मला त्या कुळवाड्याचा राग आला नाही. गरिबाच्या घरी माया आणि उपयोग एकाच खुंट्याला बांधलेले असतात. त्यांना वेगळे करून पाहण्याची चैन ज्याला परवडते, त्याने शक्यतो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये.

आता आमच्याच गोठ्यात या. शेवटच्या खुंट्याला तांबू उभी आहे. वय सोळा; वेते सात. तिच्या तीन कालवडी आमच्याकडेच गाई झाल्या. गेली दोन वर्षे ती गाभण राहिलेली नाही आणि आता राहणारही नाही. तिच्यावरून आमच्या घरात जो वाद चालतो तो, थोडीशी फुशारकी मारायची तर, दोन हजार वर्षांचा जुना आहे.

रोममध्ये केटो नावाचा एक करारी पुरुष होऊन गेला. त्याने शेतीवर पुस्तक लिहिले आणि त्यात चांगल्या मालकाला सल्ला दिला, की म्हातारे बैल, रोगट जनावरे, जुनी अवजारे आणि म्हातारा गुलामसुद्धा विकून टाकावा. पुढे प्लुटार्कने केटोचे चरित्र लिहिले. त्या कर्तबगार माणसाचे सारे गुण सांगितल्यावर या एका जागी मात्र त्याची लेखणी अडली. माझ्यासाठी राबलेला बैल केवळ म्हातारा झाला म्हणून मी तरी विकणार नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. त्याने अथेन्समधली एक कथाही सांगितली आहे. देवालयाच्या बांधकामावर राबलेली खेचरे अथेन्सकरांनी अखेर मोकळी सोडली. त्यांतले एक खेचर आपण होऊन परत आले आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या पुढे, जणू त्यांना धीर देत, चालू लागले. तेव्हा त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसावे, असा ठराव नगराने केला.

आमच्या घरात केटो म्हणजे माझे थोरले बंधू. दादा निष्ठुर नाहीत. तांबू अडली होती त्या रात्री तिच्याजवळ तेच जागले होते. पण घर त्यांना चालवायचे आहे. तीनशे किलोच्या जनावराला रोज निदान सहा किलो सुकी वैरण लागते. वर्षाची दोन टनांहून अधिक होते. आमच्या सगळ्या खाचरांचे पिंजर आणि डोंगरातले गवत एकत्र केले तरी पाच जनावरांचे पोट जेमतेम भरते. तांबू सहावी. एकदा ते म्हणाले, "खाणं चालू हाय, देणं बंद. पेन्शन मास्तराला असती, जनावराला न्हाई." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे.

आई प्लुटार्कच्या बाजूची. तिला प्लुटार्क ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तिचा युक्तिवाद त्याच्याहून आखूड आणि पक्का आहे. "तिचं खाल्लंय न्हवं?" एवढेच ती म्हणते, आणि गव्हाणीत पेंढी टाकते.

मला मात्र पुष्कळ दिवस दादांचे ते पेन्शनवरचे बोलणे सलत राहिले. ते टोचले म्हणून नव्हे; त्यात काहीतरी खरे सापडल्यासारखे वाटले म्हणून. मी आता कोणाला शिकवत नाही. हिशेबाच्या भाषेत मीही भाकडच. मग मला दर महिन्याला पैसे का मिळतात? सरकारला माझी दया येते म्हणून? १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने नाकरा यांच्या खटल्यात या प्रश्नाचा निकाल देऊन ठेवला आहे. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिशी नव्हे. पूर्वी केलेल्या सेवेचे ते हक्काचे देणे आहे. म्हणजे मी राबत होतो तेव्हाच माझ्या म्हातारपणाची भाकरी मिळवलेली होती. ती हातात पडते आहे उशिरा, इतकेच. हे तत्त्व मास्तराला लागू होते आणि गाईला होत नाही, असे म्हणायचे तर कारण दाखवावे लागेल. तिने अर्ज केला नव्हता, करारावर सही केली नव्हती, हे खरे. पण करार न करता ज्याच्याकडून काम घेतले, त्याचे देणे कमी होते की वाढते?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत नेमके असेच उदाहरण घेतले होते. त्याचे कुत्र्याचे होते. इमानाने राखण केलेला कुत्रा म्हातारा झाला तर धन्याने त्याला मरेपर्यंत सांभाळावे, असेच तोही सांगतो. पण कारण निराळे देतो. कुत्र्याचे म्हणून आपण काही देणे लागत नाही. मात्र त्याला गोळी घालणारा माणूस आपल्या अंगची माणुसकी बोथट करून घेतो, आणि उद्या तो माणसांशीही तसाच वागेल. उत्तर मला पटते, कारण पटत नाही. त्या न्यायाने तांबू म्हणजे आमच्या सद्गुणांची सरावाची पाटी झाली! तिच्यावर दया गिरवायची, ती माणसांशी वागताना उपयोगी पडावी म्हणून. मी म्हणतो, आम्हांला त्याचा काहीही लाभ झाला नाही तरी सात वेतांचे दूध तिनेच दिले, आणि देणे असेल तर ते तिचेच आहे.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, की भाकड गाय निरुपयोगी कोठे आहे? ती शेण देते. शेणखताने जमीन जगते. शेणी लावून चूल पेटते. हे सगळे खरे आहे, आणि दादाही ते कबूल करतात. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, आणि तिचे पालन त्याच बुद्धिनिष्ठ दृष्टीने व्हावे, असे सावरकरांनी मांडले होते. गाईला पूज्य मानणारे पुष्कळ जणही गंमत म्हणजे तिचा कैवार घेताना शेणाचा आणि मुताचा हिशेबच पुढे करतात. मला हा बचाव धोक्याचा वाटतो. उपयोगाच्या कचेरीत एकदा खटला दाखल केला, की निकालही तिथलाच मानावा लागतो. उद्या रासायनिक खताचे पोते शेणापेक्षा स्वस्त पडले तर काय करणार?

आणि उपयोगाची कचेरी दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. 'गोकुळ' या नावाने तो घरोघर पोचला. गावोगावी दूध संस्था झाल्या, दर दहा दिवसांनी बिल मिळू लागले. आमच्यासारख्या डोंगरातल्या घरांत मुलींची शिक्षणे त्या बिलांवर झाली आहेत. त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण दुधाला भाव आला तेव्हा दुधाचीच गाय हवी झाली. जर्सी आणि होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाई आल्या. चिखलणीला पॉवर टिलर आला आणि बैल मोकळा झाला. 'मोकळा' हा शब्द येथे किती क्रूर आहे! २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशात संकरित आणि विदेशी गाईंची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, देशी गोवंश ६ टक्क्यांनी घटला. खोंड जन्मला की पूर्वी पेढे वाटत. आता घरातले तोंड उतरते. फक्त कालवडीच जन्माव्यात अशा रेतमात्राही मिळू लागल्या आहेत. ज्याला सांभाळता येणार नाही त्याला जन्मच न देणे, यात एक प्रकारची दया आहे. आणि जन्माच्याही आधी उपयोग विचारणे, हेही आहे.

कायद्याने आपल्या परीने उत्तर शोधले. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू-बैलांनाही ते संरक्षण मिळाले. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. त्या फडात मी उतरत नाही. गोठ्यातून दिसते तेवढेच सांगतो. पूर्वी म्हातारे जनावर बाजारात जाई, आणि पुढे त्याचे काय होते हे विचारायचे नाही असा एक मूक संकेत होता. तो रस्ता बंद झाला. पण जनावराचे तोंड बंद झाले नाही. ते रोज सहा किलो मागतेच. कायदा मरण थांबवतो, वैरण आणून टाकत नाही. मग कोठे रात्री दावे सोडले जाते, आणि सकाळी सडकेच्या कडेला एक हाडांचा सापळा उकिरडा हुंगत उभा दिसतो. त्याला विकले नाही, मारले नाही, नुसते सोडले. हात स्वच्छ राहिले!

अशा स्वच्छ हातांबद्दल विचार करताना १९२८ सालची साबरमती आश्रमातली घटना आठवते. एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपाय संपले होते. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून, स्वतः समोर उभे राहून, इंजेक्शनने त्याचा शेवट करवला. अहिंसेच्या आचार्याने वासरू मारले म्हणून देशभर गहजब झाला, संतापाची पत्रे आली. गांधीजींनी माघार घेतली नाही. त्यांचे प्रत्येक म्हणणे पटो न पटो, एक गोष्ट त्यांनी कायमची शिकवली: श्वास चालू ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. उपाशी ठेवून, जखमा चिघळू देऊन, 'आम्ही मारले नाही' असे म्हणणाऱ्याची अहिंसा त्या जनावरालाच सर्वांत महाग पडते.

म्हणजे पुन्हा आपण त्याच प्रश्नाशी आलो: देणे कोणी द्यायचे? या वादात आमच्या घरातले एक माणूस फारसे बोलत नाही, ते म्हणजे वहिनी. एका रात्री आमची चर्चा रंगली असताना त्या शेणाची पाटी घेऊन ओसरीवरून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आत्यांची माया, ह्यांचा हिशेब, भावजींचं इचार. शेण काढाय मातूर मीच."

प्लुटार्कपासून कांटपर्यंत कोणालाही हे वाक्य सुचले नाही, याचे कारण उघड आहे. त्यांच्यापैकी कोणीही शेण काढले नव्हते. म्हाताऱ्या जनावराला सांभाळण्याचा निर्णय पुरुष घेतात, त्याचे पुण्य घराण्याच्या नावावर जमा होते, आणि त्याची किंमत पहाटे पाच वाजता एक बाई कंबरेतून वाकून चुकती करते. एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वराला वाहायला आणलेले कावडीतले पाणी त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. आपण त्यात नाथांची भूतदया पाहतो, ती आहेच. पण ती कावड त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरची होती, याकडे आपले लक्ष जात नाही. शेजाऱ्याची कावड रिकामी करून गाढवाला पाणी पाजणे सोपे होते. त्यावर कथा झाली नसती. त्या रात्रीनंतर शेवटच्या खुंट्याचे शेण मी काढतो, आणि तांबूची वैरण माझ्या निवृत्तिवेतनातून येते. एका भाकडाने दुसऱ्या भाकडाला पोसावे, यात मला काव्यात्म न्याय दिसतो. दादांना नुसती सोय दिसते. तेही ठीकच आहे.

पण हे झाले एका घराचे, आणि तेही पेन्शन असलेल्या घराचे. ज्या घरी मास्तर नाही त्या घराने काय करावे? येथे थोडे गणित करू या. २०२४ साली राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले, आणि गोशाळांतल्या देशी गाईंच्या पोषणासाठी दर गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरवले. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या गाईला ते नाहीत. पण गाईच्या म्हातारपणाची काही एक किंमत त्यामुळे आकड्यात समोर आली. वर्षाचे १८,२५० रुपये. भाकड झाल्यावर गाय चार वर्षे जगली तर ७३,००० रुपये. आमच्या तांबूने एका वेताला सहाशे लिटर धरले तर जन्मभरात ४,२०० लिटर दूध दिले. म्हणजे तिच्या निवृत्तिवेतनासाठी लिटरमागे सतरा रुपयांच्या वर बाजूला पडायला हवे होते. जन्मात १५,००० लिटर देणाऱ्या संकरित गाईचे धरले तर लिटरमागे पाच रुपये. यांतला एक रुपयाही कोणत्या दरपत्रकात नाही. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, एसएनएफवर ठरतो; म्हातारपणावर ठरत नाही. शहरातला माणूस सकाळी पिशवी फोडतो तेव्हा त्याला दूध स्वस्त पडते, त्याचे एक कारण हे आहे, की त्या गाईच्या शेवटच्या चार वर्षांचे पैसे त्याने भरलेले नसतात. ते कोणीतरी भरते: शेतकरी भरतो, त्याची बायको भरते, किंवा मग गाय स्वतः सडकेवर भरते.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी दूध संघाचा फरक मिळतो. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे काही पैसे एकरकमी हाती येतात. त्यांतून मुलांचे कपडे, फराळाचे सामान, फटाके होतात. हा फरक साहजिकच लिटरवर मोजला जातो, म्हणून भाकड गाईच्या नावावर काही येत नाही. माझी कल्पना साधी आहे. त्या फरकातच एक लहानसा फरक करावा. लिटरमागे एखादा रुपया उत्पादकाच्या फरकातून, एखादा पिणाऱ्याच्या पिशवीतून वेगळा निघावा, आणि ज्या घरात आटलेले जनावर जिवंत, धडधाकट आणि पोटभर उभे आहे त्या घराच्या वैरणीला तो जावा. दोन रुपयांत देणे फिटणार नाही, हे वरच्या गणिताने दाखवलेच आहे. पण देणे फिटत नाही म्हणून ते नाकारायचे, ही रीत सावकाराशीही चालत नाही; गाईशी तरी का चालावी? देणे निम्मे फेडणारा माणूस ऋणको राहतो. ते नाकारणारा मात्र बुडवा ठरतो.

राहिली पूजा. ती दुधाची की गाईची, हे मी आरंभी विचारले होते. त्याचे उत्तर मला वसुबारसेच्या एका जुन्या नियमात मिळाले. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका गाईचे दूध, दही, तूप घेत नाहीत, गहू टाळतात, भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन राहतात. दूध असते ते वासराचे. म्हणजे वर्षातून एक दिवस आपण ठरवून गाईपासून काही घेत नाही. त्या दिवशी प्रत्येक गाय आपल्यापुरती भाकडच असते, आणि नेमक्या त्याच दिवशी आपण तिला ओवाळतो! ज्या कोणी हे व्रत बांधले त्याला माणसाचा हात चांगला ठाऊक असला पाहिजे. सदा धार काढणाऱ्या हाताला एक दिवस रिकामे बसवल्यावाचून डोळ्यांना गाय दिसत नाही, हे त्याने ओळखले होते.

एक अडचण मात्र उरते. शास्त्राप्रमाणे पूजा असते ती सवत्स गाईची, वासरू असलेल्या गाईची. गेल्या वसुबारसेला वहिनींनी पाडीसह तिच्या आईला ओवाळले आणि ताट खाली ठेवले. आई भिंतीला धरत शेवटच्या खुंट्यापर्यंत गेली, कुंकवात बोट बुडवून तांबूच्या कपाळाला लावले. मी सहज म्हणालो, "आई, तिचं वासरू कुठं आहे?" आईने गोठ्यात उभ्या असलेल्या तांबूच्या तिन्ही लेकींकडे हात केला, मग दादांकडे, माझ्याकडे, आणि दारात उभ्या असलेल्या नातवंडांकडे. "एवढी हायेत की," ती म्हणाली, "कुनी प्यालं न्हाई का तिचं?"

दादांनी खाली वाकून तिची गव्हाण साफ केली. या वर्षी पाऊस लांबला आहे. गवत भिजले, गंजी लहान होणार. तांबूचे पुढल्या उन्हाळ्यात कसे करायचे हे अजून ठरलेले नाही. ते दिवाळीनंतर आम्ही चौघांनी बसून ठरवायचे आहे, आणि या खेपेला पहिले बोलणे वहिनींचे असेल.